भोंग्याविना कचेरी

हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्या मध्ये कॉटन ग्रीन स्थानक लागते. ज्या कापसावरून हे नाव पडले तो कापूस आता इथे उरलेला नाही. पोर्ट ट्रस्टची लांबच लांब गोदामे आणि कापूसबाजाराची हिरवी इमारत अजून उभी आहेत, आणि भोवताली काळाचौकी, आंबेवाडी, अभ्युदयनगर, शिवडीच्या बीडीडी चाळी अशी दाट वस्ती आहे. या वस्तीतल्या आजोबांनी गिरणीत साचे चालवले. नातवंडे बँकांचे हिशेब, विम्याचे दावे, परदेशी ग्राहकांच्या तक्रारी आणि संगणकाच्या आज्ञावल्या सांभाळतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हे सगळे काम एका लॅपटॉपमधून घरात शिरले. टाळेबंदी उठली, तरी ते पुरते बाहेर गेले नाही. अनेक कंपन्यांनी आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम कायम ठेवले, आणि कार्यालयात जाणाऱ्यांचाही फोन रात्री घरात वाजत राहिला. तेव्हापासून मासिके, व्याख्याने आणि कंपन्यांची मनुष्यबळ खाती एकच उपदेश करतात: कामाची खोली वेगळी ठेवा, दार लावून घ्या, कपडे बदलून बसा, मनाला शिस्त लावा. सगळा भार भिंतीवर आणि माणसाच्या निग्रहावर. कॉटन ग्रीनच्या परिसराकडे पाहिले की हा उपदेश दोन्ही बाबतींत चुकीच्या जागी बोट ठेवतो, असे माझे मत आहे. कारण शंभर वर्षे या भागात वेगळी खोली जवळजवळ कुणाकडेच नव्हती, तरीही काम आणि घर यांच्यातली रेघ इथे इतकी ठळक होती की ती कानाला ऐकू येत असे.

आधी खोलीचे पाहू. १९२०च्या दशकात सरकारच्या मजूर कार्यालयाने केलेल्या पाहणीत मुंबईच्या कामगारवर्गापैकी ९७ टक्के लोक एकखोली घरात राहताना आढळले. पुढे मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या अहवालातही तो आकडा आला. त्याच दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यातली खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत मोरी, चूल, ट्रंका, कोपऱ्यातला देव्हारा, पाच-सात माणसे आणि गावाहून आलेला एखादा भाचा. एकट्या पुरुषांची सोय ‘गाळ्यां’त. एकाच गावच्या तीसचाळीस जणांनी मिळून खोली घ्यायची, भिंतीशी आपापली ट्रंक ठेवायची आणि पाळीप्रमाणे झोपायचे. २०११च्या जनगणनेतही मुंबईतली निम्म्याहून अधिक कुटुंबे एका खोलीतच राहत होती. ‘वेगळी खोली ठेवा’ हा सल्ला या शहरात निम्म्या लोकांना लागूच पडत नाही. घरून काम करण्याच्या बाजूने जगभर ज्या प्रयोगाचा दाखला दिला जातो तो इथे आठवण्याजोगा आहे. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीत अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तो केला आणि २०१५ साली प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, हे सगळे सांगतात. त्या प्रयोगात भाग घ्यायचा तर घरात कामापुरती स्वतंत्र खोली असणे ही पूर्वअट होती, हे मात्र क्वचितच कुणी सांगतो. अभ्युदयनगरच्या जेमतेम दोनशे चौरस फुटांच्या घरातून कुणी त्या प्रयोगासाठी अर्ज केला असता तर तो पहिल्याच चाळणीत बाद झाला असता.

मग रेघ होती कुठे? ती वेळेत होती, आणि ती वेळ सार्वजनिक होती. गिरणीचा भोंगा एका माणसासाठी वाजत नसे; साऱ्या गल्लीला तो ऐकू जाई. सकाळी सातची पाळी, दुपारी साडेतीनची पाळी, रात्री बाराची रात्रपाळी. पाळी सुटली हे कामगाराला ठाऊक असे, तसे ते त्याच्या बायकोला, शेजाऱ्याला, वाण्याला आणि मुकादमालाही ठाऊक असे. गिरणीच्या दरवाज्याबाहेर पडलेल्या माणसाला साचा घरी आणता येत नव्हता. पण केवळ यंत्राचे वजन मोठे म्हणून ही रेघ आपोआप पडली, असे समजणे चूक ठरेल. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली, आणि पुढची तीसेक वर्षे कामाच्या दिवसाला सूर्याखेरीज दुसरी मर्यादा नव्हती. दिवस उजाडला की काम सुरू, अंधारले की बंद. आठवड्याची सुट्टीही ठरलेली नव्हती. सप्टेंबर १८८४ मध्ये ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या आज मुद्दाम वाचाव्यात अशा आहेत: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा, कामावर जखमी झालेल्याची सोय व्हावी. जवळजवळ सगळ्या मागण्यांच्या मुळाशी वेळ आहे. रविवार मिळायला जून १८९० उजाडला. सहा वर्षे.

त्याहून बोलका आहे पुढचा प्रसंग. १९०५च्या सुमारास कापडाला तेजी आली आणि मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले. सूर्यास्ताची आपोआप मिळणारी मर्यादा त्या दिव्यांनी एका फटक्यात पुसली. गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. कामगार तेच, यंत्रे तीच, खोल्याही त्याच. बदलला होता तो फक्त प्रकाश. कामगारांमध्ये असंतोष पसरला, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १९११च्या कारखाने कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला पहिल्यांदा बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये दिवस अकरा तासांचा आणि आठवडा साठ तासांचा झाला, १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न, १९४६च्या दुरुस्तीने आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. दर टप्प्यामागे संप आहेत, उपासमार आहे, तुरुंग आहेत. तंत्रज्ञानाने कामाच्या वेळेवरचे निसर्गाचे कुंपण मोडले, आणि ते पुन्हा घालायला माणसांना चाळीस वर्षे लागली. लॅपटॉप आणि मोबाइल यांनी आपल्या काळात विजेच्या दिव्याचेच काम केले आहे. फरक एवढाच की १९०५ साली कामगाराला कुणी ‘दिवा लागला तरी मनाने काम थांबवायला शीक’ असे सांगितले नाही. ते सांगणे तेव्हाही हास्यास्पद ठरले असते. आज तेच आपण स्वतःला आणि एकमेकांना गांभीर्याने सांगतो.

एका खोलीत निग्रहाने काय साधते आणि काय साधत नाही, याचे या भागातले सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेचे आहे. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब, तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. त्यांचे वडील रामजी सुभेदार यांनी त्यावर तोडगा काढला: ते स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग भीमरावाला उठवून आपण झोपत आणि मुलगा पहाटेपर्यंत दिव्याच्या उजेडात अभ्यास करी. चरित्रकारांनी हा प्रसंग जिद्दीचा म्हणून सांगितला आहे, आणि तो जिद्दीचा आहेच. पण त्यात दुसरी गोष्टही आहे. त्या खोलीत शांततेचा कोपरा निर्माण करता येत नव्हता, म्हणून शांततेची वेळ निर्माण केली गेली. शिवाय ती एका माणसाने एकट्याने निर्माण केली नाही. दुसऱ्या कुणीतरी आपली झोप त्यासाठी दिली. पुढे बॅरिस्टर होऊन आल्यावर बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहत आणि त्यांची कचेरी मात्र परळच्याच दामोदर हॉलमध्ये होती. पक्षकार, कार्यकर्ते, गाऱ्हाणी घेऊन आलेले लोक यांची रीघ तिकडे. १९३०च्या दशकात दादरला ‘राजगृह’ बांधताना ग्रंथालयासाठी त्यांनी स्वतंत्र जागा योजली. आणि १९४६च्या ज्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आणला, ती झाली तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. ज्याने स्वतः रात्री दोनला उठून मर्यादांवर मात केली, त्याने इतरांनाही तसेच करा असे सांगितले नाही. त्याने कायदा केला.

इथवरची बाजू गिरणीत जाणाऱ्या पुरुषांची झाली. गिरणगावात घरून काम करणारी माणसेही होती, आणि हजारोंनी होती. त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय आजच्या प्रश्नाचे खरे मूळ सापडत नाही. त्या होत्या खाणावळी चालवणाऱ्या बायका. कोकणातून, साताऱ्याहून, देशावरून आलेल्या एकट्या कामगारांना दोन वेळचे जेवण लागे, आणि ते चाळीतल्या कुठल्यातरी खोलीत शिजे. वीस-पंचवीस गड्यांचा स्वयंपाक, तीही तीन पाळ्यांची माणसे. पहिल्या पाळीवाल्याचा डबा पहाटे तयार हवा आणि दुसऱ्या पाळीवाला मध्यरात्रीनंतर जेवायला येणार. गिरणीचा भोंगा या बाईलाही ऐकू येत होता. तो तिच्या कामाची घाई ठरवी, तिच्या कामाचा शेवट मात्र कधी सांगत नसे. तिला पाळी नव्हती, रविवार नव्हता, हजेरीचे कार्ड नव्हते, आणि ती ‘कामाला आहे’ असे जनगणनेच्या माणसालाही सहसा वाटत नसे. पैसे महिन्याने, तेही पगार झाला तर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. गिरण्यांत संप झाला की गडी गावी जात आणि उधारी हिच्या नावावर राही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या कामाची ‘काम’ म्हणून कुठेतरी नोंद झाली.

आज घरून काम करणाऱ्या तरुणाला वाटते की तो गिरणी कामगाराचा वारस आहे, फक्त कारखान्याऐवजी त्याच्या हाती कीबोर्ड आहे. माझ्या मते तो वारसा सांगतो आजोबांचा आणि जगतो खाणावळवाल्या आजीचे आयुष्य. त्याच्या कामाची सुरुवात दुसऱ्याच्या घड्याळाने ठरते आणि शेवट कुणीच ठरवत नाही. जागा त्याची, वीज त्याची, खुर्ची त्याची, घरातल्यांनी आवाज बारीक करायचा तोही त्याच्यासाठी. काम घराच्या पोटात शिरले की ते दिसेनासे होते, आणि न दिसणाऱ्या कामाला मर्यादा घालणे कुणाला सुचत नाही. ज्या घरात कमावती व्यक्ती बाई आहे तिथे तर दोन्ही थर एकमेकांवर चढतात. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे निघाला. घरी बसून नोकरी करणारी सून ‘घरीच आहे’ असे मानले जाते, म्हणून गॅस सिलिंडर घेणे, मुलांची शाळेची वेळ, सासऱ्यांचे औषध हे सगळे तिच्या कॉलच्या मधोमध येते. त्यावर तिने मनाची शिस्त कशी लावायची, हे सांगणाऱ्याने आधी त्या दोनशे एक मिनिटांच्या फरकाचा हिशेब द्यावा.

तरीही घरून काम म्हणजे अमर्याद काम, असा नियम नाही. याच मुंबईत, गिरगावात, त्याचे उलट उदाहरण आहे. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याच पुढे ‘लिज्जत’ झाल्या. सुरुवातीला काम गच्चीवर एकत्र चाले. तिसऱ्या वर्षी बायकांची संख्या तीनशेवर गेली, गच्ची पुरेना, तेव्हा भिजवलेले पीठ घरी लाटायला देण्याची पद्धत पडली. घर लहान, स्वच्छ जागा थोडी, मुले पायांत. अडचणी सगळ्या होत्या. पण या पद्धतीत एक गोष्ट पक्की होती. सकाळी केंद्रावरून पीठ मोजून घ्यायचे, लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी केंद्रावर वजन करून द्यायचे, लाटणावळ हातात घ्यायची. काम घरात होई, पण ते बाहेरून मोजून येई आणि मोजून बाहेर जाई. किती पीठ न्यायचे हे बाई आपली सवड पाहून ठरवी, आणि ते संपले की त्या दिवसाचे काम संपले. शिवाय ती संस्थेची भागीदार; नफ्यात तिचा वाटा. आज ४५ हजारांच्या आसपास बायका या पद्धतीने काम करतात. याच्या शेजारी सोलापूरच्या विडी कामगार बायका ठेवून पाहाव्यात. त्यांचेही काम घरात आणि नगावर. पण पाने कमी देणे, तयार विड्यांतल्या काही बाद ठरवणे, मजुरी कमीत कमी ठेवणे हे सगळे ठेकेदाराच्या हाती, त्यामुळे हजार विड्या पुऱ्या करायला घरातली पोरेही बसत. विडी कामगारांसाठी १९६६ साली वेगळा कायदा झाला आणि घरी बसून विड्या वळणारी बाईही कामगार आहे असे त्याने मान्य केले. म्हणजे नुसते मोजमाप पुरत नाही. माप कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न उरतोच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की गिरणीचा काळ रंगवून सांगण्यात काय अर्थ आहे? भोंगा ही काही स्वातंत्र्याची घंटा नव्हती. तो गुलामीचाही आवाज होता. उशीर झाला तर दरवाजा बंद, बदली कामगाराने रोज सकाळी दरवाज्याशी उभे राहायचे आणि मुकादमाची मर्जी नसली तर रिकाम्या हाताने परतायचे, कापसाची धूळ छातीत भरून घ्यायची. हे सगळे खरे आहे, आणि १८ जानेवारी १९८२ला कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले ते गिरणी सुखाची होती म्हणून नव्हे. माझा मुद्दा गिरणीच्या चांगुलपणाचा नाही. मालकाने भोंगा कामगाराला वेळेवर आत आणण्यासाठी बसवला. तोच भोंगा वेळेवर बाहेर सोडण्यासाठीही वाजला पाहिजे, ही गोष्ट कामगारांनी साठ वर्षे भांडून मिळवली. आजच्या नोकरीत आत आणणारा भोंगा शाबूत आहे: लॉगिनची वेळ, हिरव्या ठिपक्याने ‘उपलब्ध’ दाखवणे, सकाळची हजेरीची बैठक. बाहेर सोडणारा तेवढा नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो खुद्द घरून काम करणारेच घेतात. त्यांना ही मोकळीक हवी आहे. बदलापूर किंवा विरारहून रोज दोन्ही वेळचा लोकलचा धक्काबुक्कीचा प्रवास वाचतो, आजारी आईकडे लक्ष देता येते, गरोदरपणानंतर नोकरी सोडावी लागत नाही. वेळेची कडक रेघ आखली तर दुपारी मुलाला शाळेतून आणून रात्री ते काम पुरे करण्याची सवलतही जाईल. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच नऊ ते सहाची सक्ती सगळ्यांवर लादावी असे मी म्हणत नाही. पण मोकळीक आणि मर्यादा एकमेकींच्या वैरिणी नाहीत. लिज्जतची बाई दुपारी लाटते की रात्री, हे कुणी विचारत नाही. किती पीठ, ते मात्र ठरलेले असते. दिवसातले कोणते आठ तास हे कर्मचाऱ्याने ठरवावे, आणि ते आठच असतील हे कराराने ठरवावे. आज बहुतेक ठिकाणी नेमके उलट आहे: तास कोणते ते वरिष्ठ ठरवतो आणि किती ते कुणीच ठरवत नाही. शांघायच्या त्या प्रयोगाचा उत्तरार्धही इथे ध्यानात घ्यावा. निवड करायची मुभा मिळाल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक कार्यालयात परतले, आणि त्यामागे एकटेपणा हे मोठे कारण होते. स्वतंत्र खोली असलेल्यांची ही गत.

तिसरा आक्षेप ग्राहक परदेशी असल्याचा. न्यूयॉर्कची सकाळ ही आपली संध्याकाळ. तिथला ग्राहक जागा झाला की इथल्याने जागे असायलाच हवे, असे सांगितले जाते. कॉटन ग्रीनला हे नवे नाही. मुंबईचा कापूसबाजार एकोणिसाव्या शतकापासून लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कच्या भावांवर हलत होता. आधी फोर्टातल्या मैदानावर, १८४४ पासून कुलाब्याला आणि १९२०च्या दशकात पोर्ट ट्रस्टने शिवडीच्या बाजूला भर घालून बांधलेल्या या नव्या जागेत कापूसबाजार आला, तेव्हाही तारेची वाट पाहणे चालूच होते. न्यूयॉर्कच्या बाजाराचे उघडतानाचे आणि मिटतानाचे भाव तारेने येत आणि त्यांच्या आकड्यांवर गिरणगावात जुगार चाले. मटक्याचा जन्म त्यातूनच झाला. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचे घड्याळ या वस्तीच्या रात्रीत फार पूर्वी शिरले आहे. पण गिरण्यांनी जेव्हा रात्रीचे उत्पादन हवे म्हटले तेव्हा त्यांना रात्रपाळी नावाची वेगळी पाळी लावावी लागली, तिच्यावर वेगळी माणसे घ्यावी लागली. दिवसपाळीच्याच माणसाने रात्री बारापर्यंत ‘जरा उपलब्ध’ राहावे, ही सोय कायद्याने त्यांना ठेवली नाही. परदेशी ग्राहकाचे काम रात्री करायचे असेल तर ती रात्रपाळी म्हणून लिहावी, तिचा भत्ता द्यावा आणि त्या माणसाचा दुसरा दिवस मोकळा सोडावा. खर्च वाढेल. तो आजही होतोच आहे, फक्त तो कर्मचाऱ्याच्या झोपेतून वसूल होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अभ्यासात म्हटले की २०१६ या एका वर्षात जगभर ७ लाख ४५ हजार माणसे आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम केल्याने जडलेल्या हृदयविकाराने आणि पक्षाघाताने दगावली.

मग कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने मुळात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली, जादा तासांना दुप्पट वेतन दिले आणि तीन महिन्यांत जादा काम १२५ तासांपेक्षा अधिक नको म्हटले. म्हणजे आधार आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवस दहा तासांचा, जादा कामाची मर्यादा १४४ तासांची आणि कायद्याची ही बंधने वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच, अशा बदलांना मंजुरी दिली. काटा आता उलट्या दिशेने फिरतो आहे, तोही अशा वेळी की काम घरात शिरून दिसेनासे झाले आहे. दुसरीकडे, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले ते महाराष्ट्रातल्याच खासदाराने. सुप्रिया सुळे यांनी ते प्रथम २०१८च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२५च्या डिसेंबरात मांडले. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे त्याचे भवितव्य काय हे सांगायला नको. फ्रान्समध्ये असा हक्क १ जानेवारी २०१७ पासून आहे. ऑस्ट्रेलियाने २६ ऑगस्ट २०२४ पासून दिला. पोर्तुगालने २०२१ मध्ये जबाबदारी उलटी केली: फोन टाळण्याचे ओझे कर्मचाऱ्यावर नाही, मालकानेच तो करायचा नाही. मला हा शेवटचा मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो, कारण वरिष्ठाचा फोन न उचलण्याचे धैर्य परिविक्षाकाळातल्या मुलीकडून अपेक्षिणे म्हणजे पुन्हा सगळा भार तिच्या निग्रहावर टाकणे.

घरात निरीक्षक कसा शिरणार, असा चौथा प्रश्न विचारला जातो. त्याने शिरू नयेच. त्याची गरजही नाही. घरून होणारे काम एका अर्थाने गिरणीतल्या कामापेक्षा अधिक नोंदले जाते. कोण किती वाजता लॉगिन झाला, कोणती फाइल रात्री पावणेबाराला पाठवली, याची मिनिटामिनिटाची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. ती आज फक्त कर्मचाऱ्याला जोखण्यासाठी वापरली जाते. हीच नोंद हजेरीपट मानून दर महिन्याच्या पगारपत्रकासोबत कर्मचाऱ्याच्या हाती द्यावी, ठरल्या तासांबाहेरचे प्रत्येक मिनिट जादा काम धरावे आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला ती मागवता यावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही, एक नियम लागतो. नियुक्तिपत्रात कामाचे तास, संपर्काची शेवटची वेळ, आणि वीज व इंटरनेटचा खर्च कोणाचा, या तीन ओळी असाव्यात असा दुसरा.

जागेचा प्रश्न मी टाळलेला नाही. तो वेळेनंतरचा आहे एवढेच. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळू लागले आहे आणि अभ्युदयनगरच्या तीन हजारांहून अधिक कुटुंबांचा पुनर्विकासही ठरला आहे. त्या घरांत एक खोली अधिक येईल आणि ते चांगलेच होईल. पण चाळीतल्या माणसाचे घर खोलीत संपत नसे. गॅलरी, जिना, व्यायामशाळा, भजनाची खोली, मंडळाचा मंडप हे सगळे त्याच्या घराचेच भाग होते, आणि काम संपल्यावर तो तिथे दिसे. उंच इमारतीत ते सगळे जाऊन उरतात ती बंद दारे. गिरणगावातली अनेक गणेशोत्सव मंडळे परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतात, कारण घरात बसायला जागा नाही हे त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. तशीच कामाची खोली प्रत्येक नव्या इमारतीच्या आराखड्यात मागावी: टेबले, वीज, इंटरनेट, आणि रात्री आठला कुलूप.

अशा खोलीचा आणखी एक उपयोग होईल, आणि माझ्या लेखी तो मोठा आहे. १८८४च्या अर्जावर साडेपाच हजार सह्या गोळा करता आल्या, कारण ती सगळी माणसे रोज एकाच दरवाज्यातून आत-बाहेर करत होती. खाणावळीतल्या बायका एकेकट्या होत्या, म्हणून त्यांची संघटना व्हायला गिरण्या सुरू झाल्यानंतर जवळजवळ एकशेवीस वर्षे जावी लागली. पुण्यात ‘नायटेस’सारखी आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आज काम करते आहे, कामगार खात्याकडे तक्रारी नेते आहे, पण तिचा सभासद आपापल्या घरात, आपापल्या पडद्यासमोर बसलेला आहे. एका कंपनीत काम करणारे दोघे एकाच इमारतीत राहत असूनही एकमेकांना ओळखत नसतील, आणि आपल्याला रात्री दहाला येणारा फोन शेजाऱ्यालाही येतो, हे त्यांना कळायला जागा नाही. ती आधी लागेल. सह्यांचा कागद त्यानंतर फिरेल.